तोतारामभाऊंचे तीन चेंडू

मित्रांनो, मी एक जुना स्पायरोमीटर आहे. नाव ऐकून बिचकू नका, मलाही ते कधी आपले वाटले नाही. वीतभर उंचीचा पारदर्शक प्लॅस्टिकचा डबा, त्यात शेजारी शेजारी तीन नळकांडी, प्रत्येकात एकेक हलका चेंडू आणि बाजूला जोडलेली वळ्यावळ्यांची मऊ नळी, एवढाच माझा संसार. नळीचे टोक तोंडात धरून कोणी श्वास आत ओढला की माझे चेंडू वर चढतात. श्वास थोडा असेल तर एक, बरा असेल तर दोन आणि छाती धडधाकट असेल तर तिन्ही. ज्या गावात माझे आयुष्य गेले तिथे मला सगळे 'तोताभाऊनं मशीन' म्हणत. मला ते नाव आवडायचे. आता ते कोणी घेतले की नकोसे होते.

माझा जन्म कुठल्या तरी कारखान्यात झाला. तापलेले प्लॅस्टिक साच्यात ओतले गेले आणि मी बाहेर पडलो, माझ्यासारख्याच शेकडो भावंडांबरोबर. मग खोक्यातला अंधार आणि ट्रकचे हादरे सोसत मी धुळ्याच्या एका मोठ्या हॉस्पिटलात आलो. तिथे छातीचे व्यायाम शिकवणाऱ्या नूतन मॅडमनी मला खोक्यातून काढले. मॅडम मूळच्या जळगावच्या, पिंप्राळ्याच्या. बोलणे हळू, पण सांगितलेले केले नाही तर कोणाचीही गय न करणारे. त्यांनी मला समोर बसलेल्या एका वाळक्या, उंच माणसाच्या हातात ठेवले. ते तोतारामभाऊ. भडगाव तालुक्यातल्या, गिरणाकाठच्या एका गावचे शेतकरी. शेजारी डोक्यावर पदर घेऊन त्यांची बायको कुंदाबाई बसली होती.

तोतारामभाऊंच्या उजव्या फुप्फुसात खाली एक गाठ निघाली होती. गाठ वाईट होती, पण अजून एका जागी होती. सर्जन म्हणाले होते की आत्ता कापून काढली तर माणूस वाचेल. अडचण छातीची होती. वीस हिवाळे त्यांनी जिनिंगमध्ये कापसाच्या धुळीत काढले होते आणि त्या धुळीवर वर्षानुवर्षे बिडीचा धूर चढवला होता. अशा छातीवर ऑपरेशन केले तर नंतर तिला स्वतःहून श्वास घेता येणार नाही, अशी भीती होती. म्हणून तीन आठवडे तयारी, मग तपासणी आणि मग लगेच ऑपरेशन. तारीखसुद्धा ठरली होती. तीन आठवड्यांच्या वर गाठ थांबेल याची खात्री नाही, हेही सर्जननी स्पष्ट सांगितले होते.

मला पाहताच कुंदाबाईंनी नळी उचलली, ओठांना लावायला नेली आणि विचारले, "हाई फुकानं शे ना?" आयुष्यभर चुलीपुढे फुंकणी धरलेल्या बाईला दुसरे काय वाटणार? मॅडमनी हसून त्यांचा हात अडवला. फुंकायचे नाही, ओढायचे, हे त्यांनी दोघांना तीनदा समजावले. पोटावर हात ठेवून श्वास कसा घ्यायचा, ओठांचा चंबू करून तो सावकाश कसा सोडायचा, ऑपरेशननंतर टाके दुखू नयेत म्हणून उशी छातीशी धरून कसे खोकायचे, रोज किती चालायचे, सगळे सांगितले. बिडी त्याच दिवशी बंद. तोतारामभाऊ म्हणाले की सत्तावन्नाव्या वर्षी खोकायला शिकण्याची वेळ आली, आणि सगळे हसले. मग हसणे थांबवून मॅडम कुंदाबाईंकडे वळल्या.

"मावशी, एक लक्षात ठेवा. याला यांच्याशिवाय कोणाचंही तोंड लागू द्यायचं नाही. घरातल्यांचंसुद्धा नाही. आणि ज्याला सर्दी-खोकला आहे त्याला यांच्या खाटेजवळ फिरकू देऊ नका. अशा छातीत साधा सर्दीतापही घर करतो."

कुंदाबाईंनी मान हलवली. मित्रांनो, त्या मान हलवणाऱ्यांतल्या नव्हत्या, करणाऱ्यांतल्या होत्या. हे मला पुढच्या सतरा दिवसांत कळले.

गावात माझी जागा देवघराशेजारच्या देवळीत, म्हणजे भिंतीतल्या कोनाड्यात, होती. रोज सकाळी कुंदाबाई कोमट पाण्याने माझी नळी धुवून, झटकून, स्वच्छ फडक्यावर पालथी घालत. दर तासाला दहा श्वास घ्यायचे होते. तोतारामभाऊ मधेच मोजणी विसरत, म्हणून त्या दोन वाट्या घेऊन बसत. एकीत दहा सरक्या ठेवायच्या आणि प्रत्येक श्वासाला एक सरकी दुसरीत टाकायची. वाटी रिकामी झाल्याशिवाय चहा मिळत नसे. संध्याकाळी तोतारामभाऊ बसथांब्यापर्यंत चालत जात आणि त्या चार पावले मागून येत. ते दम लागून थांबले की त्याही थांबत आणि दुसरीकडे बघत, म्हणजे त्यांना लाज वाटू नये.

पहिल्या दिवशी माझा पहिला चेंडू नुसता थरथरला. तोतारामभाऊंनी मला खाटेवर टाकले आणि भिंतीकडे तोंड फिरवले. एके काळी शंभर किलोची गोणी पाठीवर घेणारा माणूस, त्याला एवढासा चेंडू उचलेना. कुंदाबाईंनी पडलेली सरकी उचलून पुन्हा पहिल्या वाटीत टाकली आणि वाटी पुढे सरकवली. पाचव्या दिवशी पहिला चेंडू वर जाऊन टिकला. बाराव्या दिवशी दुसरा गेला. त्या दिवशी तोतारामभाऊंनी मला दोन्ही हातांत धरून, नव्या पाहुण्याकडे बघावे तसे बघितले. मधल्या तपासणीला धुळ्याला गेलो तेव्हा नूतन मॅडमनी बरगड्यांवर हात ठेवून श्वास घ्यायला लावला आणि म्हणाल्या की असेच चालले तर सर्जन नाही म्हणणार नाहीत. एवढा मान मला पुन्हा कधी मिळाला नाही.

आमच्या भागात माणूस आजारी पडला की भेटायला सगळा गाव येतो. न येणे हे वैर समजतात. आलेल्याला माझे फार नवल वाटे, आणि नवल वाटले की हात पुढे येई. कुंदाबाईंनी त्यावर एक युक्ती काढली होती. कोणी मला मागितले की त्या सगळा दोष मॅडमच्या माथी मारत. मॅडम फार कडक आहे, तिला म्हणे मशीन बघूनच कळते कोणी हात लावला ते, असे त्या बेधडक सांगत. त्यांनी भावकीला नकार दिला, शेजारच्या दमेकरी वनाआप्पांना दिला, सरपंच योगेंद्रलासुद्धा दिला. शिंकणाऱ्या एका विहीणबाईंना तर ओट्यावरच चहा देऊन वाटेला लावले. बाई फटकळ झाली असे गाव म्हणू लागले. त्यांनी ते ऐकून न ऐकल्यासारखे केले.

गावात एकच माणूस असा होता की ज्याच्याशी त्या बोलू शकत नव्हत्या. ते म्हणजे तोतारामभाऊंचे थोरले भाऊ मोतीलालनाना.

आमच्याकडे धाकटी सून जेठासमोर, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर, तोंड उघडत नाही. पदर पुढे ओढायचा आणि दाराआड व्हायचे. काही निरोप असला तर तो नवऱ्याच्या तोंडून जायचा. कुंदाबाई लग्न होऊन आल्याला पस्तीस वर्षे झाली होती आणि इतक्या वर्षांत त्या मोतीलालनानांशी एक शब्दही बोलल्या नव्हत्या. त्यातली शेवटची नऊ वर्षे तर निरोपाचीही गरज पडली नाही. तोतारामभाऊंच्या मुलीच्या, डिंपलच्या, लग्नाच्या पत्रिकेत निमंत्रकांच्या यादीतून मोतीलालनानांचे नाव गळले होते. चूक छापखान्याची होती, पण पत्रिका वाटून झाल्यावर ती लक्षात आली. थोरला काका स्वतःच्या पुतणीच्या लग्नात मांडवाबाहेरून परत गेला. तेव्हापासून दोन्ही घरांत येणे-जाणे नाही, बोलणे नाही. तोतारामभाऊ दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला, भावाच्या घराकडे बघत ओट्यावर बसत आणि मग उठून आत येत, असे कुंदाबाई शेजारणीला सांगत होत्या. भाऊ येईल का, हे त्यांनी आजारपणातही दोन-तीनदा विचारले होते.

सतराव्या दिवशी दुपारी मोतीलालनाना आले. ऑपरेशनची तारीख चार दिवसांवर आल्याचे त्यांच्या कानावर गेले होते. ते अंगणात येऊन उभे राहिले, आत यावे की नाही हे न कळल्यासारखे. अंगावर शाल होती आणि उपरण्याचा बोळा तोंडाशी. चार दिवस ते स्वतःच्या घरी तापाने पडून होते, हे नंतर कळले. खोकला मात्र सगळ्यांना ऐकू येत होता.

तोतारामभाऊ खाटेवरून उठले आणि तसेच अनवाणी अंगणात गेले. दोघे भाऊ एकमेकांच्या गळ्यात पडून रडले. मी देवळीतून ते पाहत होतो. दारात कुंदाबाई उभ्या होत्या. त्यांनी डोळे पुसले, पदर पुढे ओढला आणि त्या स्वयंपाकघराच्या दाराआड गेल्या. मित्रांनो, खोटे कशाला सांगू, मलाही आनंद झाला होता.

मोतीलालनाना खाटेवर भावाला खेटून बसले. केळीचे, कापसाचे, गेलेल्या माणसांचे बोलणे झाले. पत्रिकेचे नाव कोणी काढले नाही. मग तोतारामभाऊंनी लहान मुलाने नवी वस्तू दाखवावी तसे मला देवळीतून काढले आणि दोन चेंडू उचलून दाखवले. मोतीलालनाना तरुणपणी भडगावच्या आखाड्यात कुस्त्या केलेले. ते हसले आणि त्यांनी हात पुढे केला.

"दे रे इकडे. मी करी दखाडस तुले."

तोतारामभाऊंचा हात थबकला. मी त्याच हातात होतो, म्हणून मला ते कळले. त्यांनी दाराकडे पाहिले. दाराच्या फटीतून कुंदाबाईंची बोटे दिसत होती, चौकट घट्ट धरलेली. सरपंचाला नाही म्हणणारी बाई तिथे उभी होती, आणि तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. एक भांडे जरी तिने जमिनीवर आपटले असते तरी पुरले असते. पण नऊ वर्षांनी घरात आलेल्या जेठाचे तोंड बाटलेले आहे असे सांगायचे कसे? ते पुन्हा मांडवाबाहेरून परत गेले तर?

"ले भाऊ," तोतारामभाऊ म्हणाले.

मोतीलालनानांनी नळी तोंडात धरली आणि माझे तिन्ही चेंडू एका दमात वर गेले. शेवटी त्यांना ठसका लागला. तो त्यांनी आवरायचा प्रयत्न केला, तरी नळीतच ते दोनदा खोकले. माझ्या वळ्यावळ्यांत त्यांचा ओला श्वास चिकटला. मग त्यांनी मला परत दिले आणि आता तू कर म्हणाले. तोतारामभाऊंनी नळी पुसलीसुद्धा नाही. थोरल्या भावासमोर त्याचे उष्टे पुसणे म्हणजे त्याचा अपमानच झाला असता. त्यांनी ती तशीच तोंडात धरली आणि डोळे मिटून श्वास ओढला. पहिला चेंडू गेला, दुसरा गेला आणि त्या दिवशी पहिल्यांदा तिसराही गेला. मोतीलालनानांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. तोतारामभाऊंइतका सुखी माणूस त्या वेळी गावात दुसरा नव्हता.

नाना गेल्यावर कुंदाबाईंनी पाणी उकळून मला तीनदा धुतले.

तिसऱ्या दिवशी तोतारामभाऊंना हुडहुडी भरली. संध्याकाळपर्यंत श्वास घेताना बरगड्या आत जाऊ लागल्या. मोतीलालनानांनीच गाडी बोलावली आणि भावाचे डोके मांडीवर घेऊन ते धुळ्यापर्यंत बसले. मी कुंदाबाईंच्या पिशवीत होतो. ज्या दिवशी ऑपरेशन व्हायचे त्या दिवशी तोतारामभाऊ ऑक्सिजनवर होते आणि दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया पसरला होता.

नूतन मॅडम धावत आल्या. घरात कोणी आजारी होते का, मशीन दुसऱ्या कोणी वापरले का, असे त्यांनी विचारले. मोतीलालनाना काचेच्या दारापलीकडे उभे होते, बोलणे त्यांच्यापर्यंत पोहोचत नव्हते. तोतारामभाऊंनी मास्कखालून कुंदाबाईंकडे पाहिले आणि मान अगदी थोडी हलवली.

"नही," कुंदाबाई म्हणाल्या.

असा संसर्ग कुठूनही येऊ शकतो, नक्की सांगता येत नाही, असे डॉक्टर म्हणाले. ते खरे आहे. मीही शपथ घेऊन सांगू शकत नाही. पण माझ्या नळीत काय होते ते मला ठाऊक आहे.

तोतारामभाऊ त्या दुखण्यातून उठले, पण उठायला महिना गेला. हाती आलेली छाती पुन्हा गेली. नवे फोटो काढले तेव्हा गाठ बरगडीला जाऊन भिडली होती आणि तिला आणखी दोन गाठी फुटल्या होत्या. आता कापून उपयोग नाही, असे सर्जननी सांगितले. ते सांगताना ते कुंदाबाईंकडे बघत नव्हते, हातातल्या पेनकडे बघत होते. नूतन मॅडम त्यांना गाडीपर्यंत सोडायला आल्या. तुम्ही दोघांनी काही कमी केले नाही, असे त्या म्हणाल्या, आणि कुंदाबाईंनी खाली मान घातली.

त्यानंतर मला कोणी हात लावला नाही. वाट्या स्वयंपाकघरात गेल्या, सरक्या उंदरांनी नेल्या. माझ्यावर उदबत्तीची राख आणि धूळ बसत गेली. मोतीलालनाना मात्र रोज येत. भावाला उशीला टेकवून बसवत, पाय चेपत, केळ कुस्करून भरवत. घर पुन्हा एक झाले होते. दाराआड उभ्या कुंदाबाई ते पाहत आणि पदराचे टोक दातात धरत. एका सकाळी तोतारामभाऊंनी त्यांना जवळ बोलावले. बोलताना आता त्यांना प्रत्येक दोन शब्दांनंतर थांबावे लागे.

"भाऊले कधी सांगू नको. नऊ वरीसनंतर उना व्हता तो. मी त्याले नही कसं म्हनू?"

कुंदाबाईंनी शब्द दिला. आखाजीच्या आठ दिवस आधी तोतारामभाऊ गेले.

दुखवट्याला माणसे दारावर बसायला येऊ लागली. अंगणात पुरुष, आत बायका. मोतीलालनाना येणाऱ्या प्रत्येकाला तीच हकीकत सांगत. त्या दुपारी मी भावाला शिकवले तेव्हाच त्याचा तिसरा चेंडू गेला, आयुष्यात त्याच्यासाठी तेवढेच एक चांगले माझ्या हातून झाले, असे म्हणत आणि डोळ्यांना उपरणे लावत. आत बसलेल्या कुंदाबाईंना ते सगळे ऐकू येई. बायका म्हणत, बाई रडत कशी नाही.

नवव्या दिवशी वनाआप्पा बसायला आले. आप्पांचा दमा जुना, अंगणात बसल्या बसल्या त्यांच्या छातीतून शिट्टी वाजत होती. मोतीलालनानांना त्यांची कीव आली. ते उठले, देवळीतून मला काढले, उपरण्याने माझ्यावरची धूळ झटकली आणि नळी आप्पांच्या हातात दिली.

"ले वना. तोतानं मशीन शे. छाती मोकळी व्हयी जाई."

आप्पांनी नळी ओठांपर्यंत नेली. तेवढ्यात आतून कुंदाबाई बाहेर आल्या. सगळ्या पुरुषांच्या मधून, डोक्यावरचा पदर मागे पडलेला, तो सावरायचेही भान नसलेल्या. त्यांनी आप्पांच्या हातातून मला ओढून घेतले. मग त्या मोतीलालनानांकडे वळल्या आणि पस्तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडाकडे बघून बोलल्या.

"याले आते कोनंच तोंड लागाले नको. तुम्हले खोकला व्हता त्या दिन. माले मालूम व्हतं, पन मी बोलनी नही."

मोतीलालनाना आधी माझ्याकडे बघत राहिले. त्यांना कळायला वेळ लागला, आणि कळत गेले तसे ते खाली ओट्यावर बसत गेले. मग त्यांनी विचारले,

"त्याले मालूम व्हतं?"

मरणाऱ्या नवऱ्याला दिलेला शब्द कुंदाबाईंनी आधीच मोडला होता. आता उरलेले लपवण्यात अर्थ नव्हता.

"बठ्ठं मालूम व्हतं."

मोतीलालनानांनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग ते उठले आणि चप्पल न घालता आपल्या घराकडे चालत गेले. त्यांच्यामागे जायला कोणाचा पाय उचलला नाही. त्यानंतर ते आमच्या दारात आलेले नाहीत. ते घरातच बसून असतात, जेवताना ताटात एक घास बाजूला काढून ठेवतात, असे लोक सांगतात.

मित्रांनो, मी आता कोणाच्याच उपयोगाचा नाही. माझे प्लॅस्टिक पिवळे पडले आहे आणि एक चेंडू आतच चिकटून बसला आहे. तुमच्यापुढे गाऱ्हाणे घालायचे ते माझ्यासाठी नाही. तुमच्या घरी कोणाला माझ्यासारखे मशीन मिळाले तर ते रोज धुवा, रोज वापरा आणि त्याचे त्यालाच राहू द्या. आजाऱ्याला भेटायला जाण्याआधी स्वतःच्या अंगाला हात लावून बघा. आणि कधी एखाद्या मोठ्या माणसाला, लाडक्या माणसाला, फार दिवसांनी आलेल्या माणसाला नाही म्हणायची वेळ आली, तर जीभ रेटून म्हणा. त्या दुपारी कोणी नाही म्हटले असते तर मोतीलालनाना रागाने उठून गेले असते. कदाचित आणखी नऊ वर्षे आले नसते. पण ज्याच्यावर रुसायचे तो भाऊ तरी त्यांना राहिला असता.